दहा मिनिटांचा पत्ता

काराई लिबोरियोंचं खातं मी अशा पत्त्यावर उघडलं, ज्याचं आयुष्य दहा मिनिटांचं होतं. आणि घाई कसली, तर चौथ्या यंत्रामागे चार पोरं फुटबॉलचा खेळ खेळायला ताटकळली होती. चूक माझी आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी मधूनमधून थट्टा करीन आणि तुम्हाला वाटेल, या गृहस्थाचं यात काही गेलेलं दिसत नाही.

तेव्हा ताकुआरीताच्या बसस्टँडवर, तिकीटखिडकीला खेटून, आमच्या वाल्तेरमामाचं सायबर होतं. आठ यंत्रं, दोन टेलिफोन, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. गावात ईमेल कुणाकडेच नव्हता, पण खातं सगळ्यांना हवं होतं. कुणाला स्पेनमधल्या बहिणीचं तोंड बघायचं होतं, कुणाला ब्वेनोस आयरेसमध्ये गवंडीकाम करणाऱ्या नवऱ्यावर नजर ठेवायची होती. खातं उघडायला गेलं की कंपनी म्हणते, ईमेल द्या, त्यावर आम्ही एक निरोप धाडतो, त्यातल्या ओळीवर बोट दाबलंत की तुम्ही खरे. आता स्टँडवर औषधी पाला कुटून विकणाऱ्या न्या पाब्लिनाला आधी ईमेल उघडून द्या, त्याचा पासवर्ड ठरवा, तो ती दारापर्यंत जाईस्तोवर विसरणार, मग तिला परत बसवा. अर्धा दिवस गेला. त्यापेक्षा मला एक साइट सापडली होती. ती उघडली की समोर आयता पत्ता तयार. नाव म्हणजे नुसती अक्षरं आणि आकडे, मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखं. दहा मिनिटं तो पत्ता तुमचा. कंपनीचा निरोप तिथे येतो, तुम्ही बोट दाबता, खरे ठरता, आणि दहा मिनिटांनी पत्ता, पेटी, निरोप, सगळं पाण्यात साखर विरघळावी तसं नाहीसं.

मला या युक्तीचा भारी अभिमान होता. गावातली दीडशे माणसं मी अशी खरी करून दिली. मामा तर गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमचा देर्लिस तीन मिनिटांत खातं काढतो. नगरपालिकेत जन्माचा दाखला काढायला तीन महिने लागतात."

काराई लिबोरियोंचं खातं काढायला मला दोनच मिनिटं लागली.

ते स्टँडवर गाड्या पुकारायचे; आमच्याकडे मोठ्या माणसाला मानाने काराई म्हणतात, मोठ्या बाईला न्या. तिकीटखिडकीच्या वर, लोखंडी जिना चढून गेलं की काचेची खोली; तीत एक खुर्ची, एक माईक, भिंतीवर गाड्यांचं वेळापत्रक आणि सत्तावीस वर्षं तिथेच बसलेले काराई लिबोरियो विल्यासांती. आसुन्सिओनची गाडी, कोन्सेप्सिओनची गाडी, पेद्रो हुआनची गाडी. प्रत्येक घोषणा ते दोनदा करायचे. आधी स्पॅनिशमध्ये, साहेबांसाठी. मग आमच्या ग्वारानी बोलीत, माणसांसाठी. स्पॅनिशमध्ये असायचं, "प्रवाशांनी कृपया फलाट क्रमांक दोनवर यावे." ग्वारानीत तेच व्हायचं, "चला रे बाबांनो, पोटं आवरा, पिशव्या उचला, गाडी काही तुमच्या सासूची नाही."

पण त्यांची खरी नोकरी ती नव्हतीच. आमच्याभोवतालच्या वस्त्यांना पत्ता म्हणून काही नसतो. रस्त्याला नाव नाही, घराला आकडा नाही, पोस्टमन तर कुणी बघितलेलाच नाही. राजधानीतल्या माणसाला गावी काही पाठवायचं झालं की तो ते बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतो आणि वर लिहितो: काराई लिबोरियो, बसस्टँड, ताकुआरीता. खाली बारीक अक्षरात, अमक्यासाठी. अख्खा तालुका त्यांच्या नावावर राहायचा. त्यांच्या खोलीत चष्मे यायचे, इन्शुलिन यायचं, कोर्टाचे कागद यायचे, एकदा तर लग्नाचा झगा आला आणि एकदा पाय बांधलेला जिवंत कोंबडा. वस्तू आली की ते भोंग्यावर नाव पुकारायचे, आणि त्या वस्तीकडचं जे कोणी स्टँडवर सापडेल त्याच्याकडे निरोप द्यायचे. एका म्हातारीची कवळी चार दिवस त्यांच्या टेबलावर हसत बसली होती. शेवटी तेच सायकलवरून अकरा किलोमीटर जाऊन देऊन आले. पैसे कधी घेतले नाहीत. कुणी चीज आणून दिलं तर मात्र नको म्हणत नसत.

बायको गेली तेव्हा सुनिल्दा अकरा वर्षांची होती. शाळा सुटली की ती त्या काचेच्या खोलीत खाली बसून अभ्यास करायची आणि बाप लघवीला गेला की माईकवर गाडी पुकारायची. तेविसाव्या वर्षी ती स्पेनला गेली, मालागा नावाच्या शहरात, एका श्रीमंत म्हातारीची सेवा करायला. "म्हातारी आहे तोवर, पापा," असं म्हणून गेली. म्हातारी चिवट निघाली. सहा वर्षं झाली.

मी खातं काढून दिल्यापासून दर रविवारी अकरा वाजता काराई लिबोरियो इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना पाणी लावून सायबरात यायचे. हेडफोन चढवायचे आणि त्याचा तो काडीएवढा माईक भोंग्याच्या माईकसारखा मुठीत धरायचे.

"लक्ष द्या, सुनिल्दा! इथे सगळं ठीक आहे!"

आठही यंत्रांवरची माणसं माना वळवायची.

"पापा, ओरडू नका ना. ऐकू येतंय मला."

"तू लांब आहेस."

"लांब आहे म्हणून काय झालं? कान तिथल्यासारखेच आहेत."

"बरं, बरं. गाय व्याली शेजाऱ्यांची. पाऊस नाही. पाब्लिना नमस्कार सांगते."

बाहेर खलबत्त्याचा आवाज थांबायचा. "मी कधी सांगितला?" न्या पाब्लिना ओरडायची. "पैसे दे म्हणावं माझे, गेल्या वर्षी पुदिना नेलान तो!"

असं ते चालायचं. अर्ध्या तासात सांगण्यासारखं जे काही असे ते दहा मिनिटांत संपायचं आणि उरलेली वीस मिनिटं दोघं एकमेकांकडे नुसते बघत बसायचे. तिच्या मागे एक उंच खिडकी दिसायची. काराई मला हळूच सांगायचे, "पडदे बघ, पडदे. मखमलीचे आहेत."

सप्टेंबरातल्या एका रविवारी ती खिडकी नव्हती. सुनिल्दा कुठल्याशा स्वयंपाकघरात बसली होती, केस न विंचरलेले.

"सेन्योरा गेल्या, पापा. मंगळवारी."

काराईंनी छातीवर क्रूस काढला. "देव शांती देवो." मग लगेच, लपवता न आलेल्या आनंदाने, "मग? कधी येतेस?"

मी गल्ल्यावर बसून सगळं ऐकत होतो; हेडफोन जुने होते, त्यातला अर्धा आवाज बाहेरच सांडायचा.

"उत्तरेला काम मिळालंय एक," ती म्हणाली. "बिल्बाओत. दोन मुलं सांभाळायची. हा फोन सेन्योरांच्या घरचा, तो आता बंद होईल. नवा नंबर मिळाला की तुम्हाला इथेच लिहून टाकते."

"तू म्हणाली होतीस, म्हातारी आहे तोवर."

"म्हणाले होते."

"सहा वर्षं मी त्या बाईसाठी मेणबत्ती लावली नाही. लावली असती तर ती आणखी जगली असती म्हणून."

"पापा, असं बोलू नये."

"मग कसं बोलावं? घरी ये."

"येऊन काय करू तिथे? गाडीत चढून चिपा विकू?"

"तुझी आई विकत होती."

आमच्याकडे बसमध्ये टोपली घेऊन चढणाऱ्या बाया असतात, गरम चिपा विकतात, साबुकंदाच्या पिठाच्या नि चीजच्या कड्या. सुनिल्दाची आई त्यातलीच. असल्याच एका गाडीतून उतरताना पाय घसरून ती चाकाखाली गेली होती, हे त्या दोघांनाही माहीत होतं आणि तो शब्द दोघांनीही अठरा वर्षं उच्चारला नव्हता.

"म्हणूनच," सुनिल्दा म्हणाली. "म्हणूनच येत नाही."

तेव्हा काराई लिबोरियो उठून उभे राहिले. मुठीतला माईक तोंडाजवळ नेला आणि भोंग्यावर बोलतात त्याच सुरात, स्पष्ट, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "मग राहा तिथेच. इथली गाडी तुझ्यासाठी उभी राहणार नाही. यापुढे मला हाक मारू नकोस."

आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवून निघून गेले.

पडद्यावर सुनिल्दाचे ओठ हलत होते. ती काहीतरी सांगत होती, एकदा नाही, दोनदा. मला हेडफोन उचलून कानाला लावता आला असता. पण वेळ संपली होती, आणि पोरं म्हणत होती, "देर्लिस, आटप ना!" मी खिडकी बंद केली.

बुधवारी ते परत आले. रविवार नसतानाही इस्त्रीचा शर्ट.

"लाव रे जरा. चुकलं माझं. सांगून टाकतो, म्हणजे झोप येईल."

मधल्या दोन दिवसांत मामाने जुनी यंत्रं विकून नवी आणली होती, आणि इंटरनेटची कंपनीही बदलली होती. मी काराईंचं नाव घातलं, पासवर्ड घातला. कंपनी म्हणाली, आम्ही तुम्हाला ओळखलं नाही. तुम्ही अनोळखी यंत्रावरून आला आहात. तुमच्या ईमेलवर सहा आकड्यांचा संकेत पाठवला आहे, तो इथे घाला.

तुमच्या ईमेलवर.

मांजर चालून गेल्यासारखी ती अक्षरं मी वहीत लिहूनसुद्धा ठेवली नव्हती. कशाला ठेवीन? त्या पत्त्याला जाऊन चौदा महिने झाले होते.

"काय झालं?" काराई म्हणाले.

"काही नाही," मी म्हणालो. "दुरुस्ती चाललीय. स्पेनच्या बाजूने."

"किती वेळ लागेल?"

"दोन-चार दिवस."

ही दुसरी चूक. पहिली नुसती आळसाची होती, हिच्यात अक्कल वापरलेली होती.

पुढचे दोन-चार दिवस मी फेब्रुवारीपर्यंत लांबवले. मी काही स्वस्थ बसलो होतो असं नाही. जुनी यंत्रं ज्याने घेतली त्याच्याकडे गेलो. त्याने त्यातलं सगळं पुसून वर आपली गाणी भरली होती. त्या साइटवर गेलो. तीही नावगाव बदलून बसली होती. कंपनीला तक्रार लिहिली, तर लगेच उत्तर: तुमच्या तक्रारीचा निकाल तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवर पाठवण्यात आला आहे. कंपनी त्या नसलेल्या दारात जाऊन किती नम्रपणे टकटक करत होती, काय सांगू! नवं खातं काढलं, पण सुनिल्दा त्यात शोधायची कशी? तिने तिकडे कुठलंसं टोपणनाव घेतलं होतं आणि मी जुन्या यादीत ते खोडून हौसेने 'मुलगी' असं लिहून ठेवलं होतं. सुनिल्दा नावाच्या सतरा बायांना निरोप धाडले. तिघींनी उत्तर दिलं. त्यातली मेक्सिकोची एक फारच प्रेमळ निघाली, पण ती आमची नव्हती.

मालागाचा फोन बंद. न्या पाब्लिनाची एक मावसबहीण तिथे होती, तिला त्या इमारतीत पाठवलं. रखवालदाराने सांगितलं, घर विकायला काढलंय, मुलगी गेली, कुठे ते ठाऊक नाही.

काराई दर रविवारी यायचे. चौथ्या यंत्रासमोर बसायचे, हेडफोन न लावता. मी मान हलवायचो. ते म्हणायचे, "दुरुस्तीच आहे, होईल." मग एकदा म्हणाले, "का तिनेच कडी लावून घेतली, रे? असं होतं का? माणूस रागावला की त्याला आतून कडी लावता येते का?"

"येते," मी म्हणालो, "पण तसं झालेलं नाही."

"तुला काय माहीत?"

मला सगळं माहीत होतं. मी पंख्याकडे बघितलं.

नाताळच्या आधल्या आठवड्यात त्यांनी भोंगा हाती घेतला. मी सायबरात बसलो होतो. नेहमीची घोषणा झाली, आसुन्सिओन, फलाट एक, आणि मग ग्वारानीत पुढे आलं:

"आणि ज्यांचं कुणी माणूस स्पेनला आहे, त्यांनी लक्ष द्यावं. सुनिल्दा विल्यासांती, राहणार बहुधा बिल्बाओ, हिला कळवावं, की तिच्या बापाने सप्टेंबरात केलेली घोषणा रद्द समजावी."

खाली फलाटावर माणसं हसली. एक-दोघं वर बघायला लागली. न्या पाब्लिनाचा खलबत्ता थांबला तो थांबलाच.

त्या दिवसापासून प्रत्येक गाडीला. आणि दर वेळी नवं. कधी म्हणायचे, "सुनिल्दाला सांगावं, की गाडी उभी आहे." कधी, "तिच्या खोलीचं छप्पर नवं घातलंय." कधी, "तिचं बरोबर होतं, चिपा विकू नये." स्टँडचे साहेब जिना चढून वर गेले. साहेब राजधानीचे; ग्वारानी येत असूनही येत नाही असं दाखवणारे.

"हा नगरपालिकेचा भोंगा आहे, विल्यासांती. तुमच्या घरचा नाही."

"सत्तावीस वर्षं लोकांच्या कवळ्या पुकारल्या, साहेब. तेव्हा हरकत नव्हती."

"प्रवासी तक्रार करतात."

"कुणी?"

प्रवासी तक्रार करत नव्हते. उलट जिना चढून जात होते. कुणी म्हणायचं, माझी भाची माद्रिदला आहे, तिला सांगते. कुणी नाव कागदावर लिहून घ्यायचं. काराई प्रत्येकाला ते नाव स्वतः लिहून द्यायचे, मोठ्या अक्षरात. मला ते सगळं खाली बसून ऐकायला लागायचं, दिवसातून चौदा गाड्या. माझीच चूक चौदा वेळा फलाटावर पुकारली जात होती आणि ती माझी आहे हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

न्या पाब्लिनाला वास लागला होता. एकदा काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "अरे ए सायबरवाल्या, माझ्या बहिणीचं खातं सुरू आहे, माझं सुरू आहे, त्या दारुड्या सेल्सोचंही सुरू आहे. मग एकट्या लिबोरियोचीच दुरुस्ती कसली?"

"तुमचं यंत्र वेगळं."

"आठही यंत्रांवर बसलेय मी. खरं सांग, काय केलंस त्यांचं?"

"न्या पाब्लिना, गिऱ्हाइकं खोळंबलीत."

"मेल्या, तुझ्या तोंडाकडे बघून माझा पालासुद्धा कडू होतो." आणि गेली.

फेब्रुवारीत, दुपारच्या त्या मेलेल्या दोन तासांत, जेव्हा कुत्रीसुद्धा फलाट सोडून बाकाखाली जातात, मी जिना चढून वर गेलो. काराई तेरेरे पीत होते. बर्फाच्या पाण्यात भिजवलेला कडसर पाला, शिंगाचा पेला, एकच नळी. त्यांनी विचारलं नाही, पेला भरून माझ्यापुढे केला. मी प्यायलो, परत दिला. त्यांनी स्वतःसाठी भरला. असे तीन फेरे झाल्यावर मी सांगितलं. सगळं. साइट, अक्षरं, दहा मिनिटं, दुरुस्तीचं खोटं.

त्यांनी पेला टेबलावर ठेवला.

"म्हणजे तिने नंबर लिहिला असेल, तर तो आत आहे."

"हो."

"आणि आत जायचं दार त्या पत्त्यावरून."

"हो."

"आणि त्या पत्त्यावर कुणी राहत नाही."

"कधीच कुणी राहत नव्हतं, काराई."

त्यांनी मान डोलावली. मग अगदी साध्या आवाजात, जसं एखाद्याला तिकिटाबद्दल विचारावं तसं, विचारलं, "तुझा स्वतःचा होता का रे असला पत्ता?"

"होता."

"माझ्या खात्याला तुझा दिला असतास, तर चाललं असतं?"

उत्तर दोनच शब्दांचं होतं.

"चाललं असतं."

त्यांच्या टेबलावर तेव्हाही तीन पाकिटं पडली होती. तिन्हींवर त्यांचं नाव, आणि खाली बारीक अक्षरात दुसऱ्यांची. मी पाकिटांकडे बघायचं टाळलं. ते मात्र हातानेच त्यांची चळत सरळ करत होते. मी रागाची वाट बघत होतो. एक शिवी मिळाली असती तर मी हलका होऊन खाली उतरलो असतो. आमच्याकडे तेरेरेच्या फेऱ्यात एखाद्याची पाळी गाळली की त्याला उठून जावं लागतं. त्याहून मोठा अपमान नाही. काराईंनी थर्मासमधून पाणी ओतलं, नळी माझ्याकडे वळवली आणि पेला पुढे केला. माझी पाळी त्यांनी गाळली नाही. मी पेला नुसता धरून बसलो.

"पी," ते म्हणाले. "पाणी गरम होतंय."

मग त्यांनी माईक ओढला, कारण कोन्सेप्सिओनची गाडी वळणावर दिसली होती.

त्यानंतर ते रविवारी सायबरात आले नाहीत. भोंगा मात्र चालू राहिला. मार्च, एप्रिल, मे. माणसांना सवय झाली. जुन्या माणसांना घड्याळाच्या टोल्यांची होते तशी. वाल्तेरमामाला मी सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "तू गाढव आहेस, पण कायद्याने काही होत नाही." मी त्या महिन्यात दीडशेतली जी जी माणसं सापडली त्यांना बोलावून प्रत्येकाच्या खात्याला नीट ईमेल लावून दिला. लोक म्हणाले, फुकट का देतोय हा, काहीतरी भानगड असणार.

जुलैत दक्षिणेचा वारा सुटला. काचेच्या त्या खोलीत एक फट होती, ती नगरपालिका सात वर्षं बुजवणार होती. काराई आठ दिवस खोकत खोकत गाड्या पुकारत राहिले. भोंग्यावरून खोकला अख्ख्या स्टँडला ऐकू यायचा, आणि खोकल्याच्या पुढे, "सुनिल्दाला सांगावं." नवव्या दिवशी त्यांना गाडीत घालून पेद्रो हुआनच्या इस्पितळात नेलं. तिथून ते पेटीतच परत आले, पेद्रो हुआनच्याच गाडीने, सामानाच्या कप्प्यात. ड्रायव्हरने भाडं घेतलं नाही.

नऊ दिवसांची प्रार्थना त्यांच्या अंगणात झाली. ज्या ज्या वस्तीत त्यांच्या नावाने पाकीट गेलं होतं, तिथून माणसं आली. कवळीवाली म्हातारी आली. तिने ती कवळी घातली होती, आणि प्रार्थनेत सगळ्यांत मोठा आवाज तिचाच होता.

सहाव्या दिवशी दुपारी सायबरातला टेलिफोन वाजला.

"हे स्टँडवरचं सायबर ना? देर्लिस? मी सुनिल्दा बोलतेय. विल्यासांती."

एप्रिलमध्ये कोन्सेप्सिओनच्या गाडीतल्या कुणा बाईने घोषणा ऐकली होती. तिने बिल्बाओतल्या भाचीला सांगितलं, भाचीने तिच्या चर्चमधल्या एकीला, तिने आणखी कुणाला. निरोप चालत चालत गेला, आणि तीन महिन्यांनी पोचला.

"मला कालच कळलं," ती म्हणाली. धापा टाकत होती, हसतही होती. "एक बाई म्हणाली, तुझा बाप भोंग्यावरून तुझी माफी मागतोय रोज. खरं आहे का रे? वेडाच माणूस! जा ना, बोलव त्यांना. गाडी पुकारत असतील तर थांबते मी."

त्याच क्षणी वर भोंगा खरखरला. आसुन्सिओन, फलाट एक. साहेबांच्या पुतण्याला नेमलं होतं. तो नाकात बोलायचा, आणि फक्त स्पॅनिशमध्ये.

तिकडून हसू थांबलं.

"देर्लिस, मागे कोण पुकारतंय?"

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला.

"तो पापांचा आवाज नाही."

"नाही," मी म्हणालो.

टेलिफोनचा मीटर आकडे मोजत होता. बाहेर खलबत्ता चालू होता, मग थांबला. न्या पाब्लिना दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघून तिने रुमाल तोंडाला लावला. तिकडे सुनिल्दा रडत नव्हती. नुसता श्वास ऐकू येत होता, लांबचा.

"कधी?" शेवटी तिने विचारलं.

"गेल्या मंगळवारी."

"मी त्याच संध्याकाळी लिहिलं होतं," ती म्हणाली. "भांडण झालं त्याच संध्याकाळी. नंबर लिहिला, आणि खाली लिहिलं, पापा रागावू नका, नाताळला येते. तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. मी रोज बघायचे. उत्तर नाही. मला वाटलं, वाचलंय त्यांनी, आणि खरंच नको आहे मी त्यांना. मग तिकीट परत केलं."

"त्यांनी वाचलं नव्हतं. खातं बंद पडलं होतं."

"कशाने?"

न्या पाब्लिना दारातून माझ्याकडे बघत होती. तिला एव्हाना सगळं ठाऊक होतं.

"कंपनीची काहीतरी तपासणी," मी म्हणालो.

पाब्लिनाने तोंड फिरवलं.

"असं," सुनिल्दा म्हणाली. मग, "रोज काय पुकारायचे ते?"

"रोज वेगळं."

"तुला आठवतं?"

"बरंचसं."

"मला लिहून पाठव, देर्लिस. सगळं. त्यांच्या शब्दांत, जसंच्या तसं. ग्वारानीतच लिही." आणि तिने तिचा ईमेल सांगितला, एकेक अक्षर सुटं करून, थेट बापासारखं. त्यात तिचं पूर्ण नाव होतं, आडनाव होतं, जन्माचं साल होतं. मी दोनदा वाचून दाखवला.

"या आठवड्यात पाठवतो," मी म्हणालो.

त्याला तीन वर्षं होतील आता. सायबर बंद झालं. जो तो खिशात फोन घेऊन फिरतो. मी आणि न्या पाब्लिनाने मिळून एकतीस घोषणा आठवून काढल्या आहेत, तारखांसकट. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतात. सगळं टंकून तयार आहे, वर सुनिल्दाचा पत्ताही घातलेला आहे. खाली एकच ओळ लिहायची राहिली आहे, खातं कशाने बंद पडलं त्याची. ती लिहिल्याशिवाय वरच्या एकतीस पाठवायचा मला हक्क नाही असं पाब्लिनाचं म्हणणं आहे, आणि ते मला पटतं.

सुनिल्दाने दोनदा विचारलं. पहिल्या वर्षी, "देर्लिस, पाठवलंस का?" दुसऱ्या वर्षी नुसतं, "देर्लिस?"

या आठवड्यात पाठवतो, असं मी दोन्ही वेळा कळवलं आहे.